सायकल आणि तीर्थफल

तीर्थयात्रेच्या विधिनिषेधांविषयी आपल्या धर्मशास्त्रकारांनी जो विपुल ग्रंथसंभार निर्माण केला, त्यातील एक वचन वाचताना आजच्या वाचकाला प्रथम नवल वाटते, आणि तो प्रांजळ असेल तर थोड्या वेळाने अस्वस्थताही वाटू लागते. वचनाचा आशय असा की, यात्रेचे अर्धे फळ वाहन हरण करते, त्याच्या निम्मे छत्री आणि पादत्राणे हरण करतात, यात्रेच्या निमित्ताने केलेला व्यापार चारांपैकी तीन हिस्से नेतो आणि प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, सगळेच्या सगळे फळ बुडविते. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य याहूनही कठोर आहे. बैलावर आरूढ होऊन प्रयागास जाणाऱ्याला ते घोर नरक सांगते, आणि ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ होते, सबब वाहन वर्ज्य करावे, असा सरळ हुकूम देते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विषय साद्यंत मांडला तो १९५३ साली, म्हणजे आगगाडी आणि मोटार यांनी यात्रेचे स्वरूप पार पालटून टाकल्यानंतर; आणि तो भाग वाचीत असता आपण सारे वाहनस्थ यात्रेकरू त्या जुन्या हिशेबात कोठे बसतो, हा विचार मनातून जाता जात नाही.

हे वचन ज्यांनी रचले त्यांच्या नजरेसमोर बैल होता, घोडा होता, गाडी होती, माणसांच्या खांद्यावरचा मेणा होता. ज्यावर मनुष्य बसलेला आहे आणि तरीही जे त्याच्याच पायांच्या बळावर चालते असे वाहन त्यांच्या कल्पनेत असण्याचे काही कारण नव्हते. १८१७ साली कार्ल ड्राइस याने जर्मनीत दोन चाकांचे लाकडी धावयंत्र रस्त्यावर आणले, १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली याने मागच्या चाकाला साखळीने गती देणारी, दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची सायकल सिद्ध केली, १८८८ साली डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि धर्मशास्त्रापुढे एक असा प्रश्न येऊन उभा राहिला की ज्याचा निवाडा कोणत्याही निबंधकाराने केलेला नाही: सायकल हे यान आहे काय? सायकलीवरून तीर्थास गेलेला मनुष्य वाहनातून गेला असे म्हणावयाचे, की तो पायी गेला असे म्हणावयाचे? हा प्रश्न मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर वाहनात मुळात दोष कोणता, आणि श्रमाला धर्मात स्थान कोणते, या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. आणि त्या आपल्या पिढीने कधी नीट ठरविलेल्या नाहीत.

या विचाराला कृष्णेच्या वरच्या खोऱ्याइतके अनुकूल स्थळ मला दुसरे दिसत नाही. साताऱ्याच्या पूर्वेस वेण्णा जेथे कृष्णेला मिळते त्या माहुलीच्या संगमापासून निघावे. पुणे-बंगळूर हमरस्त्याचा गोंगाट शक्य तेथे टाळून गावांना गावे जोडणाऱ्या अरुंद सडकांनी, उसाच्या आणि हळदीच्या शेतांमधून, नदीच्या उलट दिशेने लिंब गाठावे. तेथून वाई, वाईहून मेणवली, मेणवलीहून धोम, आणि मग पाचगणीच्या पठारावर चढून क्षेत्र महाबळेश्वरी जेथे कृष्णेचा उगम मानतात त्या पंचगंगेच्या देवळापर्यंत जावे. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाच्या गावाहून निघताना मनुष्याने स्वतःच्या आवडीच्या गोष्टीलाही सवलत न देता प्रश्न विचारावा, असे मला वाटते. आणि वाई तर या प्रश्नाचे जणू दिवाणी कचेरीचेच ठिकाण, कारण धर्मशास्त्राची वचने विषयवार संकलित करण्याचे धर्मकोशाचे प्रचंड कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली येथल्याच प्राज्ञपाठशाळेत उभे राहिले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळापुढच्या घाटावर सायकल उभी करून क्षणभर बसणाऱ्या माणसाच्या मनात शास्त्रार्थ उभा राहिला, तर ती त्या स्थळाशी विसंगत गोष्ट नव्हे.

वाहनाचा पहिला दोष कोणता, हे लिंब गावी समजते. तेथे शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारामोटेची विहीर आहे. अष्टकोनी, दगडी, आत उतरायला प्रशस्त जिना, आणि पाण्याच्या माथ्यावर बसायला एक छोटासा महाल, असे तिचे राजस रूप आहे. पाहणारे बहुधा त्या महालाचे कोरीवकाम पाहून परततात. मी मात्र वाचकाला विनंती करीन की त्याने वर येऊन मोटेच्या जागा पाहाव्या. एकाच वेळी बारा मोटा चालाव्या अशी ही रचना, आणि एका मोटेला एकच बैलजोडी धरली तरी चोवीस बैल. धावेवरून ओझ्यासह उतरावयाचे, मोट थारोळ्यात रिकामी होताच मागल्या पायांनी पुन्हा वर सरकावयाचे, आणि हे सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी करतात, जुवाने सोललेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. ज्या समाजाने हा विधी निर्माण केला त्याला बैलाच्या खांद्याचे दुःख ठाऊक होते, आणि त्या दुःखाबद्दल वर्षातून एकदा तरी उतराई होण्याची निकड वाटत होती. शेताला पाणी हवे म्हणून त्या खांद्यावर भार घालणे हे प्रपंचात अपरिहार्य असेल; परंतु स्वतःच्या पुण्यासाठी निघालेल्या माणसाने स्वतःच्या देहाचे ओझेही त्याच खांद्यावर टाकावे, हे पुराणकाराला असह्य झाले असले पाहिजे. माणसाच्या खांद्याबद्दल तर बोलावयासच नको. पुण्य आपले आणि घाम दुसऱ्याचा, ही विभागणी धर्माच्या दप्तरात मान्य होऊ शकत नाही.

या कसोटीवर सायकल निर्दोष ठरते, आणि ते कसे हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर चालणाऱ्याला जेवढी शक्ती खर्चावी लागते, तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास सायकलस्वाराला पुरते. म्हणजे सायकल श्रम वाचविते खरे. परंतु वाचलेला श्रम ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. चालताना पावलागणिक आपण देह उचलतो, पुढे टाकतो आणि सावरतो; त्या उचलण्या-सावरण्यात जी शक्ती वाया जाते ती चाक वाचविते, एवढाच त्याचा उद्योग. बैल नाही, भोई नाही, भूगर्भातून उपसलेले तेल नाही. चढ लागला की हे अधिक स्पष्ट होते. वाईपासून पाचगणी जवळजवळ सहाशे मीटर उंच आहे, आणि सायकलीला कितीही गिअर असले तरी स्वतःचा देह त्या उंचीवर नेण्याचे एकंदर देणे तसूभरही कमी होत नाही. गिअर ते देणे फक्त लहान लहान हप्त्यांनी फेडू देतात. पसरणीच्या घाटात जो सायकल चालवितो तो पायी चढणाऱ्याइतकाच स्वतःला वर नेतो, वर सायकलीचे लोखंडही नेतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ज्या सडकेवरून तो जातो ती सडक त्याने केलेली नाही. तिच्यासाठी कोणी खडी फोडली, कोणी डांबर तापविले, आणि त्या मजुरांची नावे कोणत्याही शिलालेखावर कोरलेली नाहीत. पण हा आक्षेप पायी जाणाऱ्यालाही तितकाच लागू आहे, कारण पायवाटसुद्धा अगोदर गेलेल्या पायांनीच घडविलेली असते. कोणाचेच ऋण नसलेला यात्रेकरू संभवतच नाही, आणि आपल्या परंपरेने देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे जन्माबरोबरच माणसाच्या खाती लिहिली आहेत, ती या जाणिवेपोटीच. निषेध आहे तो ऋण असण्याचा नव्हे. जे ऋण स्वतःच्या अंगाने फेडता येण्यासारखे आहे ते दुसऱ्या जिवाच्या अंगावर टाकण्याचा तो निषेध आहे, आणि जो खरोखर अशक्त आहे त्याला शास्त्राने नेहमीच मोकळीक दिलेली आहे. गुडघे दुखणारा वृद्ध मोटारीने महाबळेश्वरी गेला, अथवा विजेचे साहाय्य असलेल्या सायकलीवरून गेला, तर त्याच्या फळात वजावट करण्याचा अधिकार मला कोणाला दिसत नाही.

दुसरा दोष ऐश्वर्याच्या लोभाचा, आणि तो यंत्रात नसून माणसात असल्यामुळे तेथे सायकलीला बिनशर्त माफी देता येत नाही. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना सांगतात की यज्ञ हे विपुल सामग्रीचे आणि म्हणून राजेलोकांच्या आवाक्यातले कर्म आहे, दरिद्री माणसाला ते साधत नाही. तीर्थयात्रा मात्र दरिद्र्यालाही साधते आणि फळाने ती यज्ञाहूनही श्रेष्ठ आहे. तीर्थयात्रेचे समर्थनच मुळी या समतेवर उभे आहे. आमच्या खेड्यांतून सायकल दूधवाल्याचे, पोस्टमनचे, शाळेला जाणाऱ्या मुलीचे वाहन म्हणून नांदली, आणि या वंशपरंपरेमुळे ती यात्रेला शोभते. लाखो रुपयांची, वजनाने हलकी आणि मोलाने जड अशी सायकल घेऊन, चकचकीत वेषात, टोळक्याने गावातून जाताना ज्याला वाटेवरचा जुन्या सायकलीवरचा दूधवाला आपला सहप्रवासी वाटत नाही, त्याच्यापुरते पुराणकाराचे वचन आजही लागू आहे. मोहाचेही तसेच. हॅण्डलवर लावलेल्या यंत्रात किती अंतर, किती वेग, किती चढ हे क्षणाक्षणाला पाहात जो घाट चढतो, त्याने मोटारवाल्याची घाई मोटारीवाचून पत्करली.

मग श्रमाचे काय? श्रम झाला एवढ्यानेच पुण्य झाले काय? येथे आपल्या लोकांत एक जुना गैरसमज आहे, आणि सायकलप्रेमी मंडळींत तो नव्या रूपाने शिरलेला आहे: जेवढा क्लेश अधिक तेवढे कर्म श्रेष्ठ. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी या समजुतीचा स्पष्ट निषेध केला आहे. दंभाने आणि अहंकाराने शास्त्रबाह्य घोर तप करणारे लोक देहातील भूतसमुदायाला आणि अंतःस्थ ईश्वरालाही कृश करतात, त्यांचा निश्चय आसुरी समजावा, असे तेथे सांगितले आहे. तेव्हा पसरणीच्या घाटात छाती फुटेस्तोवर दामटण्यात धर्म नाही. पुलस्त्यांनी तीर्थफलाचा अधिकारी सांगितला तो ज्याचे हात, पाय आणि मन सुसंयत आहेत असा. आणि माझ्या मते श्रमाचे धार्मिक प्रयोजन येथेच सापडते. लांब, संथ चढावर पाय लयीत पडू लागतात, श्वास त्या लयीला जुळतो, बोलण्याची इच्छा आपोआप ओसरते, आणि जे मन इतर वेळी हजार ठिकाणी फिर्यादी घेऊन फिरते ते पुढच्या दहा हात सडकेवर येऊन स्थिरावते. हा संयम कोणी शिकवावा लागत नाही. चढच तो मागून घेतो. ज्याने तो देण्याऐवजी चढाशी झुंज मांडली त्याला श्रम झाला, फळ मिळाले नाही.

या संयमाबरोबर एक ज्ञानही येते, आणि ते पुस्तकातून येण्यासारखे नाही. माहुलीपासून वाईपर्यंत नदीकाठचा चढ इतका सौम्य की डोळ्याला तो दिसतही नाही; पायांना मात्र कळतो. धोमपाशी डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि धरणाच्या भिंतीमागे नदी जलाशय होऊन पसरते. आणि त्या जलाशयाच्या डोक्यावर सह्याद्री एकदम भिंतीसारखा उभा राहतो. कृष्णा कशी उतरत आली, कोठे तिने उडी घेतली आणि कोठे ती माणसांच्या उपयोगी पडण्याइतकी शांत झाली, हे मोटारीतल्या माणसाने नकाशात पाहिलेले असते. सायकलवरचा मनुष्य तो उतार उलट्या दिशेने, इंचाइंचाने, आपल्या मांड्यांत साठवीत आलेला असतो. नदीच्या उगमाचे दर्शन घेण्याचा अधिकार म्हणजे दुसरे काय असावे? पंचगंगेच्या देवळात एकत्र येणाऱ्या धारांपैकी भागीरथीची धार बारा वर्षांनी आणि सरस्वतीची साठ वर्षांनी प्रकट होते अशी तेथील श्रद्धा आहे. कालाचे असे दीर्घ माप ज्या स्थानाला लाविले जाते, तेथे घाईने पोहोचणे ही मला एक प्रकारची अश्रद्धाच वाटते.

उताराविषयी एक विचार सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. घाट उतरताना सायकल खरोखरच यान होते. पाय स्थिर, देह बसलेला, आणि वारा कानांशी. मग तेवढ्यापुरते अर्धे फळ गेले काय? मला तसे वाटत नाही. उतारावर जी गती मिळते ती चढावर स्वतःच जमा केलेली असते. ते संचिताचे भोगणे आहे, अपहार नव्हे. मात्र भोगाने पुण्य क्षीण होते हा सिद्धांतही येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो, कारण दीड-दोन तासांची कमाई अर्ध्या तासाच्या आत संपते आणि मनुष्य पुन्हा वाईच्या सपाटीवर, आपल्या पायांच्या हवाली, येऊन पडतो. कर्मसिद्धांतावरची पुष्कळ प्रवचने ऐकूनही जी गोष्ट माझ्या बुद्धीत नुसती शब्दरूपाने राहिली होती, ती या उताराने अर्थरूपाने दिली.

व्यापार तीन हिस्से नेतो, या कलमावर फार लिहावे असे नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, त्याला कारण तेथली बांधकामे आणि वर्दळ. सुटीच्या दिवशी पसरणीच्या घाटात मोटारींची जी रांग लागते ती ज्याने पाहिली आहे त्याला त्या तीन हिश्शांचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिग्रहाचे कलम मात्र सूक्ष्म आहे. उन्हाळ्यात सायकलवरून जाणाऱ्याला जवळचे पाणी पुरत नाही आणि कोणत्या तरी गावी, कोणाच्या तरी ओसरीशी थांबावेच लागते. घरातली वृद्ध स्त्री तांब्याभर पाणी आणून देते, कोठून आलास बाळा म्हणून विचारते, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. याने सगळे फळ बुडाले काय? निषिद्ध प्रतिग्रह तो, की जो यात्रेलाच उत्पन्नाचे साधन करतो. तहानलेल्या वाटसरूने घेतलेले पाणी हे आतिथ्य, आणि आतिथ्य स्वीकारल्याने यजमानाचाही धर्म सिद्ध होतो. मला तर असे वाटते की शांत रस्त्यावरची सायकलयात्रा मोटारीच्या यात्रेहून जर कोठे खऱ्या अर्थाने श्रेष्ठ असेल, तर ती या गरजेत आहे. मोटारीतल्या माणसाला गावाची गरज पडत नाही, म्हणून गाव त्याला दिसत नाही. सायकलवरच्या माणसाला गावाकडे हात पसरावा लागतो, आणि ज्याच्यापुढे आपण ओंजळ धरली त्याच्याकडे केवळ देखावा म्हणून पाहणे शक्य राहत नाही.

मेणवलीला हे विशेष जाणवते. नाना फडणविसांचा तो वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि त्याच्याजवळ टांगलेली ती प्रचंड घंटा, हे सारे लोक पाहतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर, १७३९ मध्ये, पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. एका धर्माच्या उपासकांनी श्रद्धेने ओतविलेली वस्तू युद्धाच्या लुटीतून दुसऱ्या धर्माच्या देवालयापाशी आली आणि येथेही तिला कोणी टाकून दिले नाही, तिच्यावरची माता कोणी छिलून काढली नाही. विजयाने मिळालेली वस्तू जपण्यानेच काय ती थोडीफार शुद्ध होते, असे मला त्या घाटावर बसून वाटत आले आहे; आणि हा विचार करण्याइतका वेळ जो घाटावर काढीत नाही तो तेथे कोणत्या वाहनाने आला याला फारसे महत्त्व नाही.

पाचगणीच्या घाटाऐवजी ज्याला निर्जन रस्ता हवा त्याने जलाशयाच्या कडेकडेने जोर गावाच्या दिशेने जावे. तो रस्ता शांत आहे याचे कारण तो कोणत्याही शहराला जात नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाडीरस्ता संपतो, आणि वर महाबळेश्वराकडे चढणाऱ्या वाटा केवळ पायांच्या आहेत. तेथे सायकलस्वारालाही उतरावे लागते, आणि माझ्या निवाड्यालाही तेथेच मर्यादा पडते. सायकल बैलाचा आणि भोयाचा दोष टाळते, ऐश्वर्याचा आणि मोहाचा दोष स्वाराच्या वृत्तीवर सोडते, श्रम चालविणाऱ्याच्याच खाती ठेवते. म्हणून तिला वचनातले यान म्हणू नये, तिच्या यात्रेकरूचे फळ निम्म्याने कापू नये, एवढे मी निःशंकपणे म्हणेन. पायी चालणाऱ्याची बरोबरी ती करते असे मात्र मी म्हणणार नाही, कारण चालणारा प्रत्येक माणसाशी त्याच्या पावलाने बोलू शकतो आणि सायकलवाल्याला त्यासाठी प्रत्येक वेळी थांबण्याचा निश्चय करावा लागतो. तो निश्चय त्याने वारंवार करावा. आणि ज्या वाचकाला हे सारे पटो वा न पटो, त्याच्याकडे एवढीच विनंती: वाईहून मेणवली अवघी तीन किलोमीटर आहे. मोटार वाईतच ठेवा.